आबांची वातड भाकरी

घाटनांदूर, ४ फेब्रुवारी २०२४

सौ. बबितावहिनींस स. न. वि. वि.

फोन केला असता तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते. परवा अंजूआत्या गेवराईहून येताना तुमच्या शिवारातून आल्या. आबा भर दुपारी बाभळीखाली एकटे बसून वातड भाकरी दातानं ओढत होते म्हणे. वातड, वहिनी. धड तुटत नाही, धड चावत नाही, अशी भाकरी कुत्र्याला टाकतानाही आपण विचार करतो. माझ्या म्हाताऱ्या बापाला तुमच्या घरात गरम भाकरी मिळत नसेल तर तसं सांगा. शिवरात्र झाली की मी त्यांना कायमचं इकडे घेऊन येते. आदिनाथदादालाही सांगून ठेवा.

मुलांना आशीर्वाद. लोभाचं तुमच्या उत्तरावर.

मंजुषा

गेवराई, ९ फेब्रुवारी

मंजुषाताईंना बबिताचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी काठवट आदळली. तव्यावरची पहिली फुगलेली भाकरी रोज मामांच्या, म्हणजे तुमच्या आबांच्याच ताटात जाते. ते ती खात नाहीत. वर कांदा ठेवून फडक्यात बांधतात, काठी घेतात आणि जुन्या चराईच्या वाटेनं निघतात. मेंढरं दुपारी जिथं बसायची, त्याच बाभळीखाली फडकं सोडतात. तोवर भाकरी वातड होणारच. एकदा मी तिथं गरम भाकरी घेऊन गेले, तर म्हणाले, ही घरातली हाय पोरी, रानात वातडच ग्वाड लागती. जन्मभर त्यांनी तशीच खाल्ली.

मेंढरं विकायला कोणी लावली, ताई? आबांचं वय झालं म्हणून हट्ट तुम्हीच धरलात. तेव्हा मी गप्प बसले, आता बसणार नाही. कळप गेला, भाकरी बांधून निघणं तेवढं राहिलं. तेही काढून घ्यायचं असेल तर खुशाल या. आणि माझी बदनामी गावभर करू नका, असं अंजूआत्यांना सांगा.

राग उतरल्यावर लोभ जागच्या जागी सापडेल.

बबिता

घाटनांदूर, १६ फेब्रुवारी

वहिनींस नमस्कार.

हे तेव्हाच का सांगितलं नाहीत? मी अजून चिडलेलीच आहे, कोणावर ते विचारू नका. अंजूआत्यांना चांगलं सुनावलं.

शिवरात्रीनंतर येतेय, पण आबांना न्यायला नाही. टेम्पोत दोन गाभण मेंढ्या असतील. दादा नको म्हणाला तर त्याच्याशीही भांडेन. दुसऱ्या दिवशी मी आबांसोबत बाभळीपर्यंत जाणार आहे. माझी भाकरीही सकाळीच फडक्यात बांधा. गरम घेऊन मागून आलात तर पुन्हा पत्र लिहीन.

तुमचीच,
मंजुषा