सूर्यभान सरांचा ठरलेला प्रश्न

३ मार्च

मामानं घात केला! परभणीला जाऊन सांगून आला — आमची धम्मशीला इंग्रजी फाडफाड बोलते. कोण, मी? आता रविवारी पाहुणे मला बघायला चुडाव्याला येणार. मुलगा नागेश, कृषी विद्यापीठात नोकरीला. फोटो बघितला. आवडला, खोटं कशाला बोलू. पण बाप सूर्यभान सर, इंग्रजीचे रिटायर मास्तर. म्हणे प्रत्येक पोरीला एकच विचारतात — पास्ट परफेक्ट कंटिन्युअसचं वाक्य सांग. दोन पोरी त्यातच गेल्या.

५ मार्च

मोबाईलवर व्हिडिओ बघून पाठ करायलेय. मागं एक गोष्ट घडली, अन् तिच्याआधीपासून दुसरी चालूच होती — ती दुसरी सांगायची. आधी हॅड बीन, मग क्रियापदाला आयएनजी. किती वेळ ते सांगायला फॉर, कधीपासून ते सांगायला सिन्स.

आईला समजावलं. म्हणली, "म्हंजे तुझे पप्पा घरी आले, तवा मी सकाळपासून राबायलते, तसं?" तसंच की.

६ मार्च

हॅड बीन कुकिंग. हॅड बीन वॉशिंग. म्हशीसमोर म्हणून बघितलं. म्हैस पास करेल.

९ मार्च

आले. पोहे झाले. सरांनी चष्मा पुसला अन् विचारलंच. मी म्हणलं, "आय हॅड बीन लर्निंग धिस टेन्स फॉर सिक्स डेज व्हेन यू केम." मामा घामाघूम. सर मात्र खुश — "शाब्बास! खरं बोलली पोरगी." लय भारी वाटलं मला.

मग आई म्हणली, तुला काय विचारायचं तर विचार. मी नागेशला विचारलं, काम काय असतं तुमाला? सर म्हणले, "बियाणं विभागात हाय तो." जेवायला काय आवडतं? सर म्हणले, "काहीबी चालतं त्याला." नागेश पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसलेला.

१० मार्च

आज डोक्यात आपोआप एक वाक्य तयार झालं. द फादर हॅड बीन आन्सरिंग सिन्स मॉर्निंग. हसू येतंय अन् रागबी.

११ मार्च

होकार आला. आई पेढे आणायला निघाली. मी म्हणलं, थांब, मुलाला तर विचारा. मामानं फोन स्पीकरवर लावला — "नागेशरावांना द्या जरा." सर म्हणले, "इथंच हाय तो. हो म्हणायलाय."

मी फोनजवळ तोंड नेलं. म्हणलं, सर, मी धम्मशीला बोलायलेय. माझा नकार हाय.