असेंब्ली पद्धतीचा स्क्रम

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. धवलभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचे मालक, पण वयाने माझ्या मुलासारखे. म्हणाले, राजेश्वरीबेन, आता सगळे स्क्रम पद्धतीने काम करतात. आपल्या टीमला झेपेल असं त्यात काय बदलायचं, काय वाढवायचं, ते तुम्ही ठरवा. वाघोडियाच्या पंप कारखान्याला अठ्ठावीस तारखेला त्यांच्या गोदामाचं सॉफ्टवेअर दाखवायचंय. डेमो नीट झाला तर तुमची पद्धत तिन्ही टीमना लावू, आणि मार्चमध्ये रिटायर न करता तुम्हाला आणखी दोन वर्षं ठेवू.

नीट झाला नाही तर काय, हे मी विचारलं नाही. गरजच नाही.

संध्याकाळी

स्क्रमचं पुस्तक वाचून काढलं. रोज सकाळी उभ्याने थोडं बोलायचं, काल काय केलं आणि आज काय करणार. काम लहान तुकड्यांत करायचं. शेवटी करून दाखवायचं. अगं बाई! ही तर आमच्या कॉन्व्हेंटची सकाळची असेंब्ली. सिस्टर ॲग्नेसनी हे सगळं केव्हाच केलं होतं, फक्त कॉम्प्युटर नव्हते.

असेंब्लीसाठी लहरीपुऱ्याच्या बाजारातून पितळी घंटा आणली. अरविंद म्हणाला, रिफायनरीत सायरन वाजला की आम्ही पळायचो, तुझी ऑफिसातली मुलं घंटा वाजली की कुठे पळतात तेवढं बघ. रिटायर झाल्यापासून नवरा फार कडवट झालाय.

४ नोव्हेंबर

पहिली असेंब्ली. फार छान. उंचीप्रमाणे रांग लावली. सिद्धार्थचं म्हणणं, मॅडम, तीनच माणसं आहोत, रांग दिसणार कशी. दिसली.

सुविचार झाला. मग नखं तपासली. दिवसभर टायपिंग करायचं, नखं नको का स्वच्छ? कोमलची नखं जांभळी, त्यांवर बारीक चांदण्या. तिला समज दिली. मग प्रत्येकाने पूर्ण वाक्यांत सांगायचं, काल काय केलं. आकांक्षाचं वाक्य अर्धवट, तेही गुजरातीत. पुन्हा म्हणून घेतलं.

पुस्तकात पंधरा मिनिटं दिलीत. आमची जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालली. म्हणजे आपण आधीच पुढे आहोत.

७ नोव्हेंबर

स्क्रममध्ये कामाला पॉइंट देतात. रुक्ष. मी स्टार सुरू केले. काम पूर्ण झालं की सोनेरी स्टार, शर्टाच्या खिशावर. पाचवीत मला हस्ताक्षराचा मिळाला होता. आई दांडिया बाजारातल्या सगळ्या ओळखीच्यांना थांबवून दाखवत होती. अजून आठवलं की डोळे भरतात.

या मुलांना हे कोणी दिलंच नाही. म्हणून ती अशी कोरडी.

१२ नोव्हेंबर

स्क्रममध्ये आपल्या चुकांवर मोकळेपणी बोलायचं असतं. मी बुटांच्या खोक्याला भोक पाडून चुकांची पेटी केली. नाव न घालता चिठ्ठी टाका म्हटलं.

तीन चिठ्ठ्या. तिन्हींत एकच: मीटिंग छोटी करा. अक्षरावरून तिघांनाही ओळखलं. चुका स्वतःच्या लिहायच्या होत्या हे कोणालाच समजलं नाही. शनिवारी निबंध देणार.

१४ नोव्हेंबर

बालदिन. टीमला चॉकलेटं वाटली. आकांक्षा म्हणाली, मॅडम, मला दोन मुलं आहेत. तिला तीन दिली.

१८ नोव्हेंबर

स्टारांचा आलेख नुसता चढतोय! सिद्धार्थच्या खिशावर जागा संपली, आता बाहीवर लावतोय. त्याची कालची कामं: बटण ठेवणे, बटण निळे करणे, कोपरे गोल करणे, बटण हिरवे करणे, पुन्हा निळे करणे. पाच स्टार. कोमलचे चार, त्याच बटणाच्या सावलीचे. काम इतकं लहान करता येतं हे स्क्रम लिहिणाऱ्यांनाही सुचलं नसेल.

आकांक्षाचा एकही स्टार नाही. पहिल्या दिवसापासून एकच वाक्य: माल आत आला, बाहेर गेला, की शिल्लक बरोबर दिसली पाहिजे, ते अजून चालू आहे. कॉन्व्हेंटमध्ये अशा मुलीला उभं करत. इथे सगळेच उभे. तेव्हा शिक्षा म्हणून तिला बसवलं. आता रोज असेंब्ली संपेपर्यंत आपल्या जागेवर, कॉम्प्युटरसमोर. फार वाईट वाटलं मला. तिला वाटलेलं दिसलं नाही.

२१ नोव्हेंबर

आज सिद्धार्थ आणि कोमलने आपणहून शिक्षा मागितली. बसतो म्हणाले. शिस्त अंगात भिनल्याचं हे लक्षण! पण शिक्षा अशी मागून मिळत नसते. दिली नाही.

२७ नोव्हेंबर

उद्या डेमो. गढवाल साडी काढून ठेवली. अरविंदने मार्चपासूनचा बेत ऐकवला: सकाळी दोघांनी कमाटी बागेत फिरायचं, दुपारी त्याला सुडोकूत मदत. मी म्हटलं, अजून दोन वर्षं थांब. तो कुकर लावायला गेला.

२८ नोव्हेंबर

डेमो.

कारखान्याचे सुभाषभाई आले. आधी आलेख दाखवला. मग बटण. निळं झालं, हिरवं झालं, सावली पडली. सुभाषभाईंनी ते दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. म्हणाले, बेन, रंग तो सरस छे, पण माल क्यां छे?

माल कुठून दिसणार? दाबल्यावर काहीतरी व्हावं, असं काम कोणी रांगेत सांगितलंच नव्हतं.

धवलभाई छताकडे बघत होते. तेवढ्यात आकांक्षाने आपला लॅपटॉप पुढे सरकवला. बिनरंगाचा पडदा, पण पंप आत आले, बाहेर गेले, शिल्लक बरोबर. सुभाषभाई खूश. धवलभाईंनी विचारलं, हे कधी केलंस. ती म्हणाली, असेंब्लीच्या वेळेत, मॅडमनी बसवलं होतं ना.

म्हणजे श्रेय कोणाचं, हे उघड आहे.

१ डिसेंबर, सोमवार

धवलभाईंनी बोलावलं. चहा मागवला, म्हणजे मोठी बातमी असणार हे मी ओळखलं. स्क्रम आता पुस्तकात आहे तसाच चालेल, पंधरा मिनिटं. तो आकांक्षा बघेल. मी मार्चपर्यंत तिला मार्गदर्शन करायचं, तिने विचारलं तर. निरोप समारंभाचं बघू म्हणाले, हॉल माझ्या आवडीचा.

माझ्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र कंपनीने तिन्ही टीमना लागू केली: घंटा. गाभा टिकला. अरविंदला फोन करून तेवढंच सांगितलं. वांग्याचं भरीत करतोय म्हणाला.

२ डिसेंबर

अकराला घंटा वाजली. मी रांगेच्या जागेवर जाऊन ताठ उभी राहिले, हात बाजूला. तिन्ही टीम माझ्यासमोरून पळत गेल्या. मग आठवलं, घंटा आता चहाची.

रांग आपल्या मनाने मोडायची नसते. उभी राहिले.

थोड्या वेळाने सिद्धार्थ माझा कप घेऊन आला. मॅडम, गार होतोय, पिऊन घ्या ने, म्हणाला आणि शेजारी उभा राहिला, उंचीप्रमाणे.

रांग दिसत होती.