खड्ड्याला कशाला परवानगी?

३ जानेवारी
घराच्या कामाची सूत्रं आजपासून माझ्याकडे. आमच्या प्लॉटपर्यंत ड्रेनेज आलेलं नाही, त्यामुळे सेप्टिक टँक करावी लागणार. तिला आरोग्य खात्याची मंजुरी मिळेपर्यंत पाया खणायचा नाही, असं गवंडी म्हणतो. घाबरट माणूस. ही म्हणाली, आधी ऑफिसात जाऊन नियम विचारून या. मी म्हटलं, शेवटी तो एक खड्डा आहे. खड्ड्याबद्दल काय विचारायचं?
संकल्प : नियम स्वतः वाचणे.

५ जानेवारी
नियम वाचले. म्हणजे पहिलं पान. पुढचं अंदाजाने कळतं.
बेडरूम जितक्या जास्त, तितकी टाकी मोठी. खात्याची ही खोड लगेच ओळखली. नकाशात तीनपैकी एकच बेडरूम ठेवली. दुसरी 'अभ्यासिका', तिसरी 'ध्यानाची खोली'. टाकी एकदम आटोपशीर! बाबांनी विचारलं, माझी कुठली? म्हटलं, ध्यानाची. ध्यान करताना घोरलं तर चालतं का, असं त्यांनी विचारलं. मी नकाशाची घडी घातली.

१२ जानेवारी
इन्स्पेक्टर बाई आल्या. गमबूट घालून. टाकीतून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरावं लागतं, म्हणून मातीची परीक्षा असते : खड्ड्यात पाणी ओतायचं आणि किती वेळात जिरतं ते बघायचं. आमची चिकण माती. शेजारच्या प्लॉटवर दादाचं घर आहे, त्याने सांगितलं होतं की इथे पाणी हलत नाही. दादाला विज्ञान कळत नाही.
पाणी ओतलं. वाट बघत असताना बाईंना माझे विचार ऐकवले. विचार संपले, पाणी होतं तसंच. एक बेडूक येऊन बसला.
मग बाईंनी नकाशा बघून विचारलं, ध्यानाच्या खोलीत काय काय असणार? बाबा मध्येच म्हणाले, पलंग, कपाट आणि माझी औषधं.
नापास. दोन्ही विषयांत.

१३ जानेवारी
बाईंच्या मनात माझ्याविषयी आकस आहे.

१६ जानेवारी
शोध लागला! कुंपणाच्या भिंतीलगत वाळूमिश्रित माती आहे. बादली ओतली, पाणी गायब. पुन्हा ओतली, पुन्हा गायब. शोषखड्डा इथेच. ही म्हणाली, दादांना एकदा विचारा. दादाला विचारलं की तो नुसता मान हलवतो आणि माझा उत्साह जातो. विचारलं नाही.

२१ जानेवारी
बाई पुन्हा आल्या. पाणी झर्रकन जिरलं. मी विजयी मुद्रेने पाहिलं, तर त्या खड्ड्याकडे बघतच नव्हत्या. भिंतीपलीकडे बघत होत्या. तिथे दादाची विहीर आहे. (मला माहीत होतं. लक्षात नव्हतं, इतकंच.)
वहिनीने भिंतीवरून सगळ्यांना पाणी दिलं. मी ग्लास तोंडाला लावणार, इतक्यात बाईंनी विचारलं, इथे झर्रकन जिरलेलं पाणी पुढे कुठे जातं, असं तुम्हाला वाटतं?
ग्लास खाली ठेवला.
दादाची दोन्ही पोरं त्याच विहिरीचं पाणी पितात. दादाने नुसती मान हलवली. मोठ्याने ओरडला असता तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी
जेवलो नाही. म्हणजे सकाळी.
दादाकडे जाऊन आलो. चुकलं म्हणायला गेलो होतो, पण बोलणं हवामानावरच राहिलं. त्याने मान हलवली. वहिनीने चहा दिला. प्यायलो.

२८ जानेवारी
ही परस्पर ऑफिसात गेली, सगळे नियम विचारून आली, दादाला घेऊन प्लॉटभर मातीची परीक्षा केली. विहिरीपासून लांब, रस्त्याच्या बाजूला चांगली माती सापडली. नकाशात तिन्ही बेडरूम बेडरूमच, टाकी मोठी. माझ्याही मनात नेमकं हेच होतं.

६ फेब्रुवारी
मंजुरी मिळाली. गवंडी आता सगळं हिलाच विचारतो. मी फक्त देखरेख करतो.
प्लॉटवरची सगळ्यात छान, उन्हाची जागा शोषखड्ड्याला गेली. तिच्यावर बांधकाम नाही, झाड नाही, गाडी नाही. नुसतं गवत. मंजुरीचा कागद द्यायला बाई आल्या होत्या, दादाही होता. बाईंना विचारलं, निदान संध्याकाळी खुर्ची टाकून बसलं तर? त्या म्हणाल्या, हरकत नाही, फक्त वजनदार काही ठेवू नका.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
दादा हसला. विहिरीच्या त्या प्रकारानंतर पहिल्यांदाच. मग मीही पोट आत घेऊन हसलो.