उरलेल्या गोळ्या

अमरावती, ४ मार्च २०२५

चि. पायलला आईचा जयभीम आणि आशीर्वाद.

फोनवर बोलायला जावं तर दवाखान्यात विहीणबाई तुझ्या शेजारीच असतात, म्हणून हे जावई ललितरावांच्या हाती देते. सातवा महिना, पाच दिवस न उतरणारा ताप आणि पाठीत कळ! तुझ्या बाबांचंही असंच सुरू झालं अन् मूत्रपिंडं गेली. लघवीचा रिपोर्ट आला की खरं ते कळव. वाचता येतं मला.

माया तशीच असू दे.
तुझी आई, मैना

अकोला, ६ मार्च

ती. आईस पायलचा जयभीम.

रिपोर्ट आला. जंतूंवर चौदा औषधं लावून पाहिली, बारा लागू पडत नाहीत. उरली दोन, त्यातलं एक पोटातल्या बाळाला चालत नाही. एकच इंजेक्शन राहिलं. तेही हरलं तर काय, हे मी विचारलं नाही.

पूर्वी काय घेतलं होतंस, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सासूबाई समोर होत्या, मी काही नाही म्हणाले. आई, उन्हाळी लागली की तू डब्यातून गोळ्या काढून द्यायचीस, त्या कोणत्या गं? मी तुला कंपाउंडरीण म्हणून चिडवायची, तेवढंच आठवतं.

तुझीच,
पायल

अमरावती, ७ मार्च

चि. पायल, जयभीम.

माझ्यासाठी खोटं बोललीस. सगळी नावं मागच्या पानावर लिहिली आहेत, महिन्यांसकट. गोळ्यांच्या पाकिटातला कागद वाचून मला वाटायचं, समजलं सगळं. जळजळ थांबली की मीच बंद करायला लावायची, गोळ्या गरम पडतात म्हणून. उरलेल्या पुढच्या वेळेला. बाबांच्या उरल्या, त्याही तुलाच दिल्या. दरवेळी जे जंतू वाचले ते पक्के होत गेले, हे आता कळलं.

हे पान विहीणबाईंसमोर दे. त्या मला अडाणी म्हणाल्या तर म्हणू दे. मी येत नाही, कोणत्या तोंडानं येऊ? रागावून का होईना, आठवण ठेव.

आई

अकोला, ९ मार्च

ती. आईस जयभीम.

पान दिलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. वाटलं, आता तुझा उद्धार होणार. पण त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, की मीबी देल्या होत्या हिले, दिवाळीत, माह्यातल्या चार. आणि रडल्या. मला म्हणाल्या, की मायले बलाव, एकटीनं मले बसवत नाही.

इंजेक्शनचा तिसरा दिवस. ताप एकशे दोन. बाळ सकाळपासून कमी हलतंय, डॉक्टरीणबाई तासातासाला ठोके ऐकून जातात.

राग आहे मला तुझा, खूप आहे. पत्र लिहू नको. मिळेल त्या बसनं ये.

पायल