लंबूच्या नावाची उलटी टीप

३ ऑक्टोबर
माझा लंबू शाळेत असताना त्याच्या पँटी मी दर सहामाहीला उसवून लांब करायचे. तो स्टुलावर उभा, मी तोंडात टाचण्या धरून खाली. "हलू नकोस" म्हटलं की हमखास हलायचा. आज नव्या घरात कपाट लावताना ते आठवलं. आता पस्तिशीचा झालाय, स्टुलाशिवाय पंखा पुसतो. हा त्याचा नववा बास्केटबॉल क्लब आणि शेवटचा. इथेच स्थिरस्थावर व्हायचं. तो म्हणाला, करार डिसेंबरपर्यंतच आहे, सगळी खोकी उघडू नकोस. सगळी उघडली.

११ ऑक्टोबर
पहिली मॅच. कोचसाहेबांनी लंबूला शेवटपर्यंत बाकावर बसवलं. हुकमाचं पान कोणी आधी टाकत नाही.
निश्चय: गॅलरीतून ओरडायचं नाही.

१८ ऑक्टोबर
ओरडले. पण इंग्रजीत, आणि "प्लीज" म्हणून. रेफरींनी वर पाहिलं तेव्हा मी शेजारच्या बाईंकडे पाहिलं.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
लंबू खेळला. फार वेळ नाही. एक बास्केटही झाली. चेंडू रिंगवर बराच घुटमळला, पण चांगल्या घरची मुलं आत येताना घुटमळतातच. घरी आल्यावर गुडघ्यावर बर्फ. थंडीमुळे असणार.

९ नोव्हेंबर
जर्सी धुवायला घेतली आणि चाटच पडले. बाकीच्यांची नावं पाठीवर शिवलेली असतात. लंबूचं चिकटपट्टीचं, एक कोपरा सुटलेला. म्हणाला, थोड्या दिवसांसाठी आलेल्यांचं असंच असतं, पटकन काढता येतं. माझ्या मुलाचं नाव, पटकन काढता येतं!

१० नोव्हेंबर
तो सरावाला गेल्यावर दुहेरी दोऱ्याने शिवून टाकलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी घोटून घेतलेली उलटी टीप. कापड जाईल, टीप जायची नाही. लंबूने टीप नखाने उचकटून पाहिली. आनंदाने माणसाला खरंच वाटत नाही.

१५ डिसेंबर
मॅनेजरनी त्याला ऑफिसात बोलावलंय. पक्का करार, दुसरं काय. केक केला.

१६ डिसेंबर
क्लब सीझन संपेपर्यंत ठेवायला तयार होता. लंबूच नको म्हणाला. गुडघा उन्हाळ्यातच गेला होता म्हणे.
मी विचारलं, "मग इथे आलास कशाला?"
"तू सामान बांधून बसली होतीस, आई."
केक कोणी कापला नाही.

१९ डिसेंबर
जर्सी नव्या मुलाला हवी म्हणून नाव उसवायला बसले. टीप निघेना, पाठ फाटली. मॅनेजर म्हणाले, राहू द्या तुमच्याकडेच.
घर सोडतोय. बाकीच्या सामानाची वाटणी अशी: लांब गादी त्या नव्या मुलाला. कुकर घरमालकीणबाईंना, शिट्टी जरा उशिरा होते हे सांगून. बर्फाच्या पिशव्या टीमच्या डॉक्टरांना. गॅलरीतली माझी उशी शेजारच्या बाईंना, त्यांनी पुष्कळ सोसलं.
लंबूला झोप. त्याला सरावाला कोणी उठवायचं नाही. मीसुद्धा.