‘इतर’ खान्यातले आवाज

प्रिय ताई,

भावोजींना नक्की किती माहीत होतं? हे वाचून तू पहिल्यांदा हेच विचारशील, आणि मला उत्तर देता येणार नाही. पत्र एकटी असताना वाच.

घरातली पहिली पदवीधर ‘कॉम्प्युटरवर काहीतरी’ करते, एवढंच तू सगळ्यांना सांगतेस. तर ऐक. आमच्या कंपनीच्या पाणी तापवायच्या हीटरबद्दल लोक ईमेल लिहितात, फोटो धाडतात, फोनवर तावातावाने बोलतात. त्याला ना आकार, ना रकाने. ते सगळं एका कोठारात साठतं. आमचा प्रोग्रॅम त्यातले शब्द हेरून प्रत्येक तक्रार एकेका खान्यात टाकतो, आणि खान्यांचे आकडे तेवढे संचालकांच्या पडद्यावर दिसतात. कुठला शब्द कुठल्या खान्यात, ते मी बघते. विजेचा धक्का बसला असं सरळ कोणी म्हणत नाही गं. नळाला हात लावला की मुंग्या येतात म्हणतात. एक आजोबा तर आधी आभार मानून म्हणाले, “तुमचा हीटर चावतो.” असे शब्द मी हौसेने वेचून ‘धोका’ या खान्याला जोडले होते.

गेल्या महिन्यात धोक्याचा आकडा एकदम खाली आला. साहेबांनी पाठ थोपटली. मला मात्र चैन पडेना. हीटर तेच, लोक तेच, मग तक्रारी गेल्या कुठे? शोधलं, तर माझे शब्द ‘इतर’मध्ये हलवलेले. तो खाना पडद्यावर दिसतच नाही. साहेब हसून म्हणाले, “इतर म्हणजे आपली अडगळीची खोली. तिथे कुणी पाहुण्यांना नेतं का?” तेव्हापासून मी सगळ्यांकडेच संशयाने बघते, शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडेसुद्धा. बदल कुणी मागितला, याची नोंद प्रोग्रॅममध्ये राहते. उघडून पाहिलं. विक्री विभाग, आणि पुढे भावोजींचं नाव. ज्यांनी मला इथे चिकटवलं, त्यांचं.

तरी वाटलं, न वाचताच होकार दिला असेल, वरून दबाव असेल. म्हणून काल फोनवर कारण न सांगता म्हटलं, बाळाला तुमच्याकडच्या आमच्या कंपनीच्या हीटरच्या पाण्याने आंघोळ घालू नकोस. तू हसलीस. “अगं वेडाबाई, तो यांनी गेल्या महिन्यातच काढला. दुसऱ्या कंपनीचा आणलाय.”

तुला हे माझ्याकडूनच आधी कळावं, म्हणून लिहिते आहे. ‘इतर’मधली सगळी रेकॉर्डिंग आज सकाळी मी सुरक्षा तपासणी कार्यालयात स्वतः नेऊन दिली. तक्रारदार म्हणून माझं नाव लिहिलं. भावोजींचं लपवलं नाही.

तुझीच,
धाकटी