सोमवारची घारापुरी

धारवाड,
संक्रांतीनंतरचा मंगळवार

चि. सौ. स्वातीस अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली कपाटात ठेवून बरं वाटायची वाट बघतेस? इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींचं पित्त नेहमीसारखं आहे, म्हणजे लग्नाच्या पंगतीत नसतं आणि मी 'कुठे तरी जाऊन येऊ या' म्हटलं की उसळतं. या फोनच्या दिवसांत अक्का पत्र काय लिहिते, असं वाटेल तुला. अगं, फोनवर बोलायला लागले की हे पेपर तोंडासमोर धरून कान माझ्याकडे लावतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर ते जातं भलतीकडेच (मागे तुला म्हणून पाठवलेलं घरच्या ग्रुपवर गेलं, आणि हुबळीच्या आमच्या वन्सं, अंबूताई, अजून त्यावर बोलताहेत). त्यापेक्षा कागद बरा.

तर विषय घारापुरीचा. ती तीन तोंडांची मूर्ती डोळ्यांनी बघायची माझी इच्छा शाळेपासूनची, हे तुला माहीत आहेच. लग्न झाल्यावर ह्यांनी विचारलं, कुठे जावंसं वाटतं? मी म्हटलं, घारापुरीला. हे म्हणाले, 'नेतो की.' वकील माणूस! नेतो म्हणाले, कधी ते म्हणाले नाहीत. तेव्हापासून या दाव्याला नुसत्या तारखा पडताहेत. कधी चातुर्मास आडवा आला, कधी आमच्या लेकाची, रोहितची परीक्षा, कधी पक्षकाराची मुंज (पक्षकाराच्या मुलाची, पण ह्यांची धावपळ अशी की मला वाटलं त्याचीच). आता वकिली सुटली, रोहित बंगळूरला आपल्या संसारात रमला. मी आहे आणि माझे पाय आहेत. तुझ्या शहरातून सुटणाऱ्या त्या बोटीतून उतरल्यावर वर चढायला पुष्कळ पायऱ्या आहेत म्हणे. पाय चढताहेत तोवर जायचं असं मी ठरवलंय. यंदा नाही झालं तर कधीच नाही, असं मला आतून वाटतं, आणि त्या विचाराने खरंच वाईट वाटतं गं.

हे सरळ नाही म्हणत नाहीत. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. आधी म्हणाले, समुद्रच बघायचा तर गोकर्ण काय वाईट आहे? मी म्हटलं, मला समुद्र नाही बघायचा, त्याच्या पलीकडचं बघायचंय. मग समुद्रोल्लंघनाचा दोष काढला! पुतण्याला अमेरिकेला जाताना विमानतळावर हार घालून आलेला हा माणूस! मी म्हटलं, मठात विचारून या. गेले. तिथल्या वृद्ध आचार्यांनी एवढंच विचारलं, संध्याकाळी परत येणार ना? हे म्हणाले, येणार. त्यावर आचार्य म्हणाले, 'मत्त होगि बरोदु अष्ट री!' म्हणजे मग काय, जाऊन यायचं एवढंच की हो! (मी घरी बसून त्या आचार्यांना नमस्कार घातला.)

मग म्हटलं, निदान सवय होऊ दे, आधी उणकलच्या तळ्यात बोटीत बसू. तिथे तिकीट काढलं, मी चढले, आणि हे काठावरच. का तर चपला राखायला कोणी नको का? त्या चपलांचे अंगठे तुटलेले, चोराला फुकट दिल्या तरी तो घ्यायचा नाही. मी एकटीच त्या बदकाच्या तोंडाच्या बोटीत पायडल मारत फिरले, आणि प्रत्येक फेरीला काठावरून हे ओरडायचे, 'कडेकडेने! कडेकडेने!' शेजारच्या बोटीतली पोरं हसून बेजार. मला मात्र फार मजा आली.

शेवटी अंबूताई मदतीला आल्या, हे आश्चर्य. पंचांग उघडून त्यांनी सांगितलं की रुद्रदेवांचं दर्शन घ्यायचं तर सोमवारीच, दुसऱ्या वारी गेलात तर माझ्या दारात येऊ नका. मला वाटलं, आता हे म्हणणार सोमवारी पित्त आहे. पण कसलं काय! हे ताबडतोब म्हणाले, अंबूताई म्हणते तर सोमवारच. त्याच दिवशी तिकिटं काढली. इतक्या चटकन हे माझ्याशी लग्नालाही तयार झाले नव्हते. तर येत्या रविवारी रात्री गाडीत बसून सोमवारी सकाळी तुझ्या दारात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणते आहे, तू भाताचं बघ. बाकी भेटीत. जावईबापूंना नमस्कार, आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
वत्सलाअक्का

ता. क. : आता मुद्द्याचं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. शेजारची पूजा मागच्या वर्षी जाऊन आली, तिने सांगितलं. मी घरात ब्र काढलेला नाही. काढला की हा दावा पुन्हा पुढे ढकलला जाणार. एकदा दर्शनाला म्हणून उंबरा ओलांडला की दर्शनाशिवाय परतायचं नाही, हा अंबूताईंचाच नियम. म्हणजे मंगळवारी हे आपोआप बोटीत. ह्यांनी फोन करून विचारलं तर तू म्हण, मला काही ठाऊक नाही. एवढं माझ्यासाठी कर.

ता. क. दुसरा : चि. सौ. स्वाती, हे मी, सुधींद्र, लिहितो आहे. तुझ्या अक्काने पत्र पोस्टात टाकायला दिलं. पाकीट उघडं होतं, आणि उघडा कागद वाचल्याशिवाय सोडायचा नाही ही माझी आयुष्यभराची सवय. सोमवारी लेणी बंद असतात हे मला तिच्या आधीपासून माहीत आहे. अंबूताईच्या तोंडून सोमवार उगाच नाही वदवून घेतला. सोमवारी बंद दाराबद्दल मनापासून हळहळू, तुझ्या हातचं जेवू, आणि रात्रीच्या गाडीने परत. परतीची तिकिटं काढून ठेवली आहेत, अक्काला माहीत नाहीत. अंबूताईचा नियम मी अंबूताईकडूनच शिथिल करून घेईन. मला पोहता येत नाही, आणि या वयात ते कुणाला सांगवतही नाही. तू समजूतदार आहेस. बोलू नकोस.

ता. क. तिसरा : स्वाती, पुन्हा मीच. ह्यांनी पाकीट चिकटवून टेबलावर ठेवलं आणि अंघोळीला गेले. ह्यांनी इतकं नीट चिकटवलेलं काही मी या घरात पाहिलेलं नाही, म्हणून चहाच्या वाफेवर धरलं. रोहितला फोन करून परतीची तिकिटं शुक्रवारची करून घेतली आहेत, आणि अंबूताईंशीही बोलले, नियम काही शिथिल व्हायचा नाही. हे पाण्याला भितात ते मला माहीत नसेल होय? जन्म गेला एकत्र. पण या माणसाने चारचौघांत कधी माझा हात धरला नाही गं, रस्ता ओलांडतानासुद्धा नाही. बोटीत धरतील. तेव्हा मंगळवारची बोट बघून ठेव, आणि बघशील ती जरा हलणारी बघ.